ज्याचं काम अडलंय, त्याच्यासाठी लिहिलेला रेझ्युमे

नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या धास्तीवर सध्या एक अख्खा बाजार चालतो. रेझ्युमेला शंभरपैकी गुण देणाऱ्या वेबसाइट आहेत, ‘मशीनमधून हमखास पास होणारे’ साचे विकत मिळतात, प्रत्येक क्षेत्राच्या कीवर्डच्या, म्हणजे शोधात सापडावेत म्हणून घालायच्या शब्दांच्या, याद्या मिळतात. या साऱ्या मालाची जाहिरात एकाच वाक्यावर होते: पंचाहत्तर टक्के रेझ्युमे माणसाच्या डोळ्यांपुढे येण्याआधीच सॉफ्टवेअर बाद करतं. हे वाक्य वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे जातंय, पण त्यामागचा अभ्यास कुणी केला, कधी केला, किती अर्ज तपासले, असं विचारलं तर हाती काही लागत नाही. नुकसान मात्र खरं आहे. माणसं रात्र रात्र जागून कीवर्ड कोंबत बसतात आणि आपण नेमकं काय काम केलं हे सांगणाऱ्या ओळी तशाच मोघम राहतात. मुलाखतीचं बोलावणं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे एटीएस म्हणतात, ते मुळात अर्ज साठवण्याची आणि शोधण्याची सोय आहे. ते फाइलमधला मजकूर काढून घेतं, नाव, फोन, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या असे तुकडे आपापल्या रकान्यांत टाकायचा प्रयत्न करतं आणि एचआरला त्यात शोध घेऊ देतं. अर्ज आपोआप बाद होतो तो बऱ्याचदा रेझ्युमेमुळे नव्हे, सोबतच्या फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे. काम करण्याचा परवाना आहे का, रात्रपाळी चालेल का, या विषयातला अनुभव किती वर्षांचा, असे ते प्रश्न असतात. घाईत एका जागी चुकून ‘नाही’वर टिचकी पडली तर उत्तम रेझ्युमेही कुणी उघडत नाही. म्हणून हा फॉर्म सर्वांत सावकाश भरावा. काही कंपन्यांत जाहिरातीशी जुळवून अर्जांची क्रमवारी लावणारी प्रणाली असते हे खरं. पण तिचे निकष त्या कंपनीने ठरवलेले असतात. बाहेरच्या वेबसाइटने दिलेले ८७ गुण त्या प्रणालीपर्यंत पोचतही नाहीत.

यंत्रासाठी करायचं ते काम अर्ध्या तासाचं आहे. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये चिकटवायचा. जे दिसतं, साधारण तेच यंत्राच्या हाती लागतं. दोन रकान्यांचा देखणा साचा असेल तर डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकऱ्यांच्या वाक्यांत घुसलेली सापडतात. पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही प्रणाली वाचतच नाहीत. फोनच्या चिन्हाच्या जागी चौकोन उमटतो. इंग्रजी रेझ्युमेत ‘एफ’ आणि ‘आय’ ही अक्षरं जोडून छापणारा फॉन्ट असेल तर कधी कधी ती जोडी गळून पडते आणि ‘फायनान्स’ हा शब्द शोधणाऱ्याला तुमचा अर्ज सापडत नाही. स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, नुसतं चित्र असतं. एका रकान्याची मांडणी, साधा फॉन्ट, १०.५ ते ११ चा आकार, चारही बाजूंना दोन सेंटिमीटरच्या आसपास समास, संपर्काची माहिती मुख्य मजकुरात आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव व पद. यंत्राची गरज इथे संपते. उरलेला सगळा वेळ माणसासाठी राखून ठेवावा.

तो माणूसही एक नसतो. पहिली चाळणी एचआरची. लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन २०१२ मध्ये सांगितलं की पहिल्या नजरेत एका रेझ्युमेला सुमारे सहा सेकंद मिळतात. २०१८ मध्ये हा आकडा ७.४ सेकंद निघाला. हे आकडे सांगून उमेदवारांना घाबरवलं जातं, पण त्यांचा अर्थ साधा आहे. एवढ्या वेळात कुणी वाचत नाही, फक्त जागा शोधतो: आताचं पद, कंपनी, तारखा, शिक्षण. या गोष्टी नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या नावांनी दिसल्या की काम झालं. ‘माझा प्रवास’ असं वेगळंच शीर्षक देऊन अनुभव लपवला की ते सेकंद शोधण्यातच जातात.

दुसरा वाचक म्हणजे ज्याच्या टीममध्ये जागा रिकामी आहे तो मॅनेजर, आणि निर्णय त्याचा असतो. त्याच्याकडे निवडून आलेले पंधरा-वीस रेझ्युमे असतात. त्याचं काम अडलेलं असतं. गेलेल्या माणसाचा भार उरलेल्यांवर पडलेला असतो आणि ते कुरकुरत असतात. तो तुमच्या स्वभावाची विशेषणं वाचत नाही. हे काम या माणसाने आधी केलंय का, किती मोठ्या प्रमाणावर, एकट्याने की कुणाच्या हाताखाली, आणि मला याला किती शिकवावं लागेल, एवढंच तो शोधतो. रेझ्युमेतली जी ओळ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, ती कितीही सुबक असली तरी काढून टाकावी असं माझं ठाम मत आहे.

एक ओळ जवळून पाहू. ‘ग्राहक सेवा विभागाची जबाबदारी समर्थपणे सांभाळली.’ असली वाक्यं रेझ्युमेत सर्रास दिसतात. यातून मॅनेजरला काय कळलं? विभाग होता आणि उमेदवार त्यात होता. आता तेच काम असं लिहिलं तर: ‘रोज ५० ते ६० तक्रारी फोन आणि ईमेलवर हाताळल्या, दोन दिवसांहून जुन्या तक्रारींची रोज सकाळी वेगळी यादी काढायला सुरुवात केली, चार महिन्यांत थकलेल्या तक्रारी २१० वरून ३५ वर आल्या.’ पहिल्या तुकड्यातून कामाचा आवाका कळतो, दुसऱ्यातून उमेदवाराने स्वतः काय केलं ते आणि तिसऱ्यातून त्याचा परिणाम. या तिन्हीत सर्वांत मोलाचा तुकडा मधला, आणि नेमका तोच गाळला जातो. ‘आकडे घाला’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामुळे ओळ अशी होते: ‘थकलेल्या तक्रारी ८३ टक्क्यांनी कमी केल्या.’ गणित बरोबर आहे, पण मॅनेजरच्या मनात लगेच शंका येते. माणसं वाढवली होती का? तो हंगामच मंदीचा होता का? सदोष माल बाजारातून काढून घेतला होता का? सकाळच्या यादीचा उल्लेख आला की या शंका बऱ्याच अंशी मिटतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्या यादीवरच येतो. म्हणजे ज्या विषयावर तुम्ही सर्वांत चांगलं बोलू शकता, तिथून मुलाखत सुरू होते.

‘आमच्या कामात आकडे नसतात,’ असं अनेकजण म्हणतात. असतात, पण ते पैशांचे नसतात म्हणून आकडे वाटत नाहीत. गोदाम सांभाळणाऱ्याला किती प्रकारचा माल होता, मोजणी किती दिवसांनी व्हायची आणि पुस्तकातला साठा व प्रत्यक्ष साठा यांत किती फरक निघायचा, हे माहीत असतं. हिशेब पाहणाऱ्याला महिन्याला किती बिलं हातून जातात आणि महिनाअखेरचा हिशेब बंद व्हायला पूर्वी नऊ दिवस लागत, आता पाच लागतात, हे ठाऊक असतं. शिक्षकाला वर्ग किती, विद्यार्थी किती, किती मुलांना वेगळं शिकवावं लागलं, हे सांगता येतं. किती, किती वेळा, किती दिवसांत, किती माणसांबरोबर आणि आधीपेक्षा किती, हे पाच प्रश्न प्रत्येक कामाला विचारावेत. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावं, पण तो अंदाज कशावरून बांधला हे सांगायची तयारी ठेवावी. कंपनीची गुपितं मात्र बाहेर काढू नयेत. खऱ्या रकमेऐवजी प्रमाण सांगितलं तरी चालतं. जुन्या मालकाची गोपनीय माहिती उघड करणारा उमेदवार उद्या आपलीही करेल, हे मॅनेजरच्या लगेच लक्षात येतं.

टक्केवारीबद्दल वेगळी सूचना द्यायला हवी, कारण गफलत तिथे फार होते. एका ग्राहकाचे चार ग्राहक झाले तरी ती ३०० टक्के वाढच असते. ज्या टक्क्याखाली मूळ आकडा नाही तो टक्का अनुभवी वाचक सोडून देतो. ‘समन्वय साधला’, ‘सहभाग घेतला’, ‘मदत केली’ या क्रियापदांचंही तसंच आहे. ती माणसाला लपवतात. नवख्या उमेदवाराने चौघांनी मिळून केलेल्या प्रकल्पाबद्दल लिहिताना स्वतःचा वाटा वेगळा काढून सांगावा: सर्व्हेचे प्रश्न मी तयार केले, १२० जणांची उत्तरं तक्त्यात मी भरली, आलेख दुसऱ्याने काढले. हा प्रामाणिकपणा उमेदवाराला लहान करत नाही. उलट ज्याला स्वतःच्या कामाची हद्द माहीत आहे असा माणूस टीममध्ये हवासा वाटतो.

एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी पाठवायची सवय एका टिचकीच्या अर्जांनी लावली आहे. ती मोडायला हवी. बाजूला एक मोठी फाइल ठेवावी, पाच-सहा पानांची झाली तरी चालेल; तिच्यात प्रत्येक नोकरीतलं प्रत्येक काम आकड्यांसह लिहून ठेवावं. नवी जाहिरात आली की ती दोनदा वाचावी. गरजांच्या यादीत पहिल्या तीन-चार ओळी बहुधा खऱ्या असतात आणि जी गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत दोनदा येते ती नक्की खरी असते. त्या प्रत्येक गरजेसमोर मोठ्या फाइलमधली एक ओळ शोधून आणावी आणि सर्वांत अलीकडच्या नोकरीखाली वरच्या क्रमांकावर ठेवावी. फाइल तयार असली की याला ३० ते ४० मिनिटं पुरतात. जाहिरातीत ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’ म्हटलं असेल आणि तुम्ही ‘उधारी वसुली’ लिहिलं असेल तर जाहिरातीतला शब्द घ्यावा. काम तेच आहे, आणि शोध घेणारा त्याच शब्दाने शोधणार आहे. लघुरूप एकदा पूर्ण लिहावं, एकदा आखूड. कीवर्डची एवढीच गोष्ट आहे. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं ही फसवणूक आहे, आणि मजकूर काढून घेतला की ती अक्षरं वाचणाऱ्यासमोर उघडी पडतात.

पहिल्या पानाचा वरचा तिसरा भाग ही सर्वांत महागडी जागा. तिथे नाव, फोन, ईमेल, राहण्याचं शहर, आणि ज्या पदासाठी अर्ज आहे त्याला धरून दोन-तीन ओळी: काय काम करतो, किती वर्षं, कशात हात बसलेला आहे. ‘नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा विकास करण्याची संधी मिळावी’ हे करिअर ऑब्जेक्टिव्ह काढून टाकावं, कारण ते सगळ्यांचं एकच असतं. आठ-दहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान पुरतं, पुढे दोन. पंधरा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना प्रत्येकी एक ओळ. संशोधन आणि अध्यापनाचा सीव्ही वेगळा. तिथे प्रकाशनांची पूर्ण यादी अपेक्षितच असते.

तारखांत महिना लिहावाच. ‘२०२१–२०२२’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर असे २४ महिने असू शकतात, किंवा डिसेंबर आणि जानेवारी असे दोनच. वाचणारा वाईटच धरून चालतो. मधली रिकामी वर्षं लपवण्यासाठी काहीजण तारखा बाजूला सारून फक्त कौशल्यांच्या मथळ्याखाली रेझ्युमे लिहितात. हा सल्ला अजून दिला जातो आणि तो घातक आहे. कोणतं काम कुठे आणि कधी केलं हे जुळवता आलं नाही की मॅनेजर कागद बाजूला ठेवतो. त्यापेक्षा एक सरळ ओळ बरी: ‘मार्च २०२२ ते जून २०२३: घरातल्या आजारी व्यक्तीची देखभाल.’ खुलासा नको, माफी तर नकोच. आजारपण आणि बाळंतपण यांसाठी माणसं कामातून बाजूला होतात, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

कौशल्यांपुढे ठिपके किंवा पट्ट्या काढून ‘एक्सेल ८० टक्के’ असं दाखवायची पद्धत आली आहे. कशाचे ८० टक्के? ‘एक्सेल: पिव्होट टेबल, दोन तक्त्यांची जुळवणी, महिन्याचा अहवाल आपोआप तयार करणारा मॅक्रो’ एवढं लिहिलं तर काय येतं आणि काय येत नाही हे दोन्ही कळतं.

आता खासगी माहितीचा प्रश्न. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, फोटो यांचा कामाशी संबंध नसतो, आणि कायद्याने किंवा कामाच्या स्वरूपाने गरज नसेल तिथे त्या देऊ नयेत. हा शिष्टाचाराचा नव्हे, न्यायाचा मुद्दा आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक रेझ्युमे पाठवले होते. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या रेझ्युमेवर कोणतं नाव जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं होतं. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या रेझ्युमेंना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. नुसत्या नावाने एवढा फरक पडत असेल तर फोटो आणि वय देऊन आपण वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहाला आणखी खाद्य कशाला द्यायचं? आणि यंत्र यातून सुटका करेल या भ्रमातही राहू नये. अ‍ॅमेझॉनने प्रयोगादाखल केलेली रेझ्युमे जोखणारी प्रणाली मागच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकली होती. ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, त्यामुळे ‘महिलांचा’ हा शब्द असलेल्या रेझ्युमेंना ती कमी लेखू लागली, असं रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दिलं. कंपनीने ती गुंडाळली. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्यात भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मोठ्या जोखमीच्या गटात घातलं, ते योग्यच केलं.

उमेदवारांच्या हातीही आता तीच बुद्धिमत्ता आली आहे. शुद्धलेखन तपासायला, लांबलेली ओळ आवळायला ती जरूर वापरावी. पण आपल्या कामाची माहिती न देता ‘रेझ्युमे प्रभावी कर’ एवढंच सांगितलं तर ती न झालेली कामं आणि न मोजलेले टक्के बेधडक लिहून देते, आणि खाली सही तुमची असते. खोट्याची किंमत पदानुसार वाढत जाते. २०१२ मध्ये याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात लेखाशास्त्राबरोबर संगणकशास्त्राचीही पदवी दाखवलेली होती. प्रत्यक्षात ती त्यांच्याकडे नव्हती. हे उघड झाल्यानंतर, रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेले असताना, त्यांना पद सोडावं लागलं. त्या पदवीवाचूनही ते त्या पदापर्यंत पोचलेच होते, ही यातली सर्वांत वाईट वाटणारी बाब.

इथवर सगळं उमेदवाराला सांगितलं. पण रेझ्युमेची भाषा बिघडवण्यात नोकरी देणाऱ्यांचा वाटा जास्त आहे, असं मला वाटतं. जाहिरातीत ‘आवश्यक’ म्हणून चौदा गोष्टी लिहायच्या, त्यातल्या नऊ कधीच लागणार नसतात, आणि मग चौदाही गोष्टी येतात असं सांगणारे रेझ्युमे आले की लोक खोटं लिहितात म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर ही सल्लागार कंपनी यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के मालकांनी मान्य केलं होतं की जाहिरातीतल्या निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून वरच्या कौशल्याचे पात्र उमेदवार प्रक्रियेतून गळतात. ते निकष तर त्यांनीच लिहिलेले असतात. बरेचदा जुन्या जाहिरातीत दर वेळी दोन ओळी वाढवत यादी लांबते, आणि काढून मात्र कुणी काही टाकत नाही.

सुधारणा अवघड नाही. मॅनेजरने एचआरकडे यादी देण्याआधी स्वतःला विचारावं: पहिल्या सहा महिन्यांत या माणसाकडून कोणती तीन कामं पुरी व्हायला हवीत? ती जाहिरातीत जशीच्या तशी लिहावीत. ‘आवश्यक’च्या खाली पाचाहून जास्त गोष्टी नसाव्यात, बाकीच्या ‘असल्यास उत्तम’च्या खाली. पगाराची खालची आणि वरची मर्यादा छापावी. अनुभवात सहा महिन्यांचा खंड दिसला की अर्ज बाजूला टाकणारी चाळणी बंद करावी. आणि नकार कळवावा. दोन ओळींचा ईमेल पाठवायला त्या सॉफ्टवेअरला क्षणभरही लागत नाही, पण त्यावाचून माणूस आठवडेच्या आठवडे फोनकडे बघत राहतो. तीन कामं स्पष्ट लिहिलेली जाहिरात समोर आली की उमेदवाराला गुण देणाऱ्या वेबसाइटकडे धावायची गरज पडत नाही. तो आपली मोठी फाइल उघडतो, त्या तीन कामांसमोर आपल्या तीन ओळी ठेवतो, आणि एखादी ओळ सापडली नाही तर अर्ज करायचा की नाही हे त्याचं त्यालाच ठरवता येतं.